उजव्या बाजूला

सर्जेकोटच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे,
तो कुठल्या ट्रॉलरवरून उतरला कुणी पाहिलं नाही.
मानेत नायलॉनची दोरी रुतलेली,
आणि माणसाचा हात खांद्याच्या वर गेला
की पोट वाळूला लावून
मागे मागे सरकायचा, कुर्ली बिळात शिरते तसा.

मीही तेव्हा काठावर नवाच.
बत्तीस वर्षं तांडेल होतो,
चैतात एका सकाळी चहाचा कप पडला
आणि तो उचलायला हातच आला नाही.
कणकवलीच्या डॉक्टरणीने पिवळा रबरी चेंडू दिला,
"दिवसातून दोनशे वेळा दाबा, काका."
मी नऊपर्यंत मोजायचो,
मग पाण्याकडे बघत बसायचो.

चेंडू त्याने पळवला.
सून दारातून ओरडली,
"साठ रुपयांचो बॉल खाल्ल्यान मेल्यान!"
मी हसलो. तोंडाच्या एकाच बाजूने,
पण हसलो.

बोलणं तसं झालंच नाही आमचं.
माझी जीभ जड, शब्द ओल्या जाळ्यासारखे
ओढून काढावे लागत,
आणि त्याला ते नकोच होते.
डोळ्यांत बघायचं नाही, एवढं मी शिकलो.
कूस देऊन बसायचं,
वारा कुठून येतोय ते बघत असल्यासारखं.
त्याने जांभई दिली तर ती झोप नव्हे,
भीती बाहेर टाकतोय.
ओठ चाटला तर, थांब, आज एवढंच.
पाण्याच्या रंगावरून बांगडा ओळखला जन्मभर,
आता एका शेपटीपुढे
पुन्हा पहिलीत बसलो.

बाराव्या दिवशी तो आला
तो डाव्या, धडधाकट बाजूला नाही.
उजव्या हाताखाली डोकं सरकवलं
आणि पडून राहिला.
हीच बाजू का, मला कळेना.
रात्री खाटेवर कळलं :
हा हात उठत नाही,
हे त्याने लांबूनच जोखलं होतं.

याच हाताने मी
वाळत घातलेल्या गोलम्यावरून
किती कुत्री वल्ह्याने हाणली.
आणि एकदा सोळा वर्षांच्या रुपाजीला,
दोर सुटला म्हणून.
तो काही बोलला नव्हता.
पोट आत घेऊन फक्त मागे सरकला होता.

बोटं वळत नव्हती, पण तळव्याला ऊब कळायची.
कानाच्या मुळाशी टोकं टेकवून
नुसती कातडी फिरवायची,
तांदळाच्या दाण्याएवढा गोल.
तो पुरा व्हायचा नाही, अर्ध्यावर अडकायचा,
तेव्हा तोच मान वळवून
उरलेला अर्धा भरून काढायचा.

दोरी कापायला आणखी सतरा दिवस गेले.
कात्री डाव्या हातात,
उजवा त्याच्या बरगड्यांवर नुसता ठेवलेला.
श्वास उथळ, उथळ, उथळ,
मग एक लांब, आतून सुटलेला.
त्यात माझाही असावा.
सुनेने हळद नि खोबरेल आणून ठेवलं,
न बोलता, आणि पाठ करून उभी राहिली
त्याला तिचं तोंड दिसू नये म्हणून.
म्हणजे तीही बघत होती इतके दिवस.

जाळ्याची सुई अजून धरता येत नाही.
डॉक्टरीण विचारते, "किती वेळा दाबता?"
मी सांगतो, मोजत नाही.

काल संध्याकाळी रुपाजीची होडी खाडीत शिरली.
त्याची स्वतःची, निळ्या पट्ट्याची.
नाळेवर उभा राहून त्याने मला हात वर केला.
हा माझ्या मांडीशी आक्रसला,
सगळी पाठ एका दोरीसारखी.
मलाही हात वर करायचा होता,
डावा करता आला असता.
पण तो उठताना याने बघितला असता,
म्हणून मान हलवली फक्त,
आणि उजवा तिथेच ठेवला, कानाच्या मुळाशी,
होडी धक्क्याला लागेपर्यंत.